पायांची पाचवी जोडी

साधारण अकरा वर्षांपूर्वी, माघातल्या अमावास्येच्या ओहोटीला मी कोर्लईच्या किल्ल्याखालच्या खडकांत वाकून बसलो होतो. मी पेशाने हिशेबनीस. एका पतसंस्थेच्या वह्या जुळवण्यात उमेदीची वर्षं गेली. प्राणिशास्त्राशी अधिकृत संबंध बारावीतच संपला. किनाऱ्यावरचे जीव पाहण्याचा नाद मात्र सुटला नाही. त्या दिवशी खडकाला चिकटलेल्या हायड्रॉइडच्या झुपक्यात एक काडीसारखं काहीतरी हललं. हायड्रॉइड दिसतो शेवाळासारखा, पण असतो प्राणी. आणि त्याच्यावर गुजराण करणारा हा दुसरा प्राणी. त्याला अंग असं नव्हतंच, नुसते पाय. वाटीभर समुद्राच्या पाण्यात त्याला ठेवलं आणि भिंग लावलं. जवळच जाळं उकलत बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "काय गावला?" मी म्हणालो, "समुद्रकोळी." ते मोठ्यांदा हसले. "समुद्रातला कोली म्हंजे आम्हीच ना!"

मी पाय मोजले. दहा भरले. पुन्हा मोजले, तरी दहाच. माझ्याजवळच्या पुस्तकात समुद्रकोळ्याला आठ पाय असतात असं स्पष्ट लिहिलेलं. आपल्या हाती काहीतरी लागलं या समजुतीने रात्रभर झोप आली नाही. सकाळी एका निवृत्त प्राध्यापकांना चित्रासकट चार पानी पत्र लिहिलं. आठवड्याने उत्तर आलं, तेही पोस्टकार्डावर: दहांपैकी दोन पाय बारीक आणि पोटाखाली वळलेले आहेत का? त्यांना मण्यांसारखे गोळे चिकटलेत का? असतील तर तो अंडी सांभाळणारा बाप आहे, पाय आठच. खाली एक ओळ होती: मात्र खरोखरचे दहा पाय एकाने पाहिले होते, १८३५चा जेम्स आइट्स वाचा.

वाटी पुन्हा भिंगाखाली घेतली. प्राध्यापकांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. माझा शोध तिथेच संपला आणि आइट्सचा नाद लागला, तो अजून आहे.

आइट्सने काय पाहिलं हे कळायला आधी या प्राण्याची घडण समजून घ्यावी लागते. समुद्रकोळ्यांच्या आज तेराशेहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. बहुतेक आपल्या नखाएवढ्या किंवा त्याहून लहान, तर खोल पाण्यातल्या कोलोसेन्डिस कोलोसियाच्या पायांचा पसारा सत्तर सेंटिमीटरच्या आसपास जातो. पुढे सोंड, तिच्या टोकाला तोंड. डोक्यावर एक बारीक उंचवटा आणि त्यावर चार डोळे. मग अवयवांच्या जोड्या: चिमट्यांची, चाचपण्याची, अंडी वाहण्याची, आणि त्यानंतर चालण्याच्या पायांच्या चार जोड्या. सगळ्यांना सगळं असतंच असं नाही. पिक्नोगोनम नावाच्या ठेंगण्या वंशात चिमटेही नसतात आणि चाचपणारे अवयवही नसतात. अंडी वाहणारे पाय असतात ते फक्त नराला.

धड इतकं अरुंद की आतले अवयव त्यात मावत नाहीत. आतड्याचे फाटे पायांत शिरलेले असतात, मादीची अंडीही मांडीसारख्या जाड कांड्यात पिकतात. मागचं पोट म्हणजे एक गाठ उरलेली. कल्ले नाहीत, फुप्फुसं नाहीत. ऑक्सिजन कातडीतून आत येतो. तो अंगभर फिरतो कसा, याचं उत्तर २०१७ साली आर्थर वुड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. हृदय अगदीच दुबळं असतं. पायांतल्या आतड्यांच्या लाटाच द्रवाला पुढेमागे ढकलतात. जेवण पचवायचं यंत्र आणि रक्त खेळवायचा पंप, दोन्ही एकच. अशा प्राण्याच्या बाबतीत पायाची एक जोडी वाढली, म्हणजे चालायला दोन काठ्या जास्त मिळाल्या एवढंच नसतं. धडाला एक अख्खा खंड वाढतो, आतड्याला दोन फाटे वाढतात, अंडी पिकायला दोन जागा वाढतात. सगळा ताळेबंदच बदलतो.

या प्राण्याला कोणत्या कप्प्यात ठेवायचं यावर सुरुवातीपासून घोळ आहे. नॉर्वेतला पाद्री हान्स स्ट्रॉम याने १७६२ साली किनाऱ्यावरच्या एका जातीचं वर्णन केलं आणि तिला फॅलँजियम या लांबटांग्या, कोळ्यासारख्या जमिनीवरच्या जीवांच्या वंशात घातलं. दोन वर्षांनी डेन्मार्कच्या ब्रुनिखने तिच्यासाठी पिक्नोगोनम हा वेगळा वंश केला. फ्रान्समध्ये लात्रेयने हा गट कोळी-विंचवांच्या वर्गात ठेवला, तर मिल्न-एडवर्ड्सने तो उचलून खेकडे-कोळंबीच्या वर्गात नेला आणि कोळ्यासारखे कवचधारी असं नाव दिलं. भांडण या वर्गाचं की त्या वर्गाचं, एवढंच. चालण्याचे पाय आठ, याबद्दल दोन्ही बाजूंचं एकमत होतं. उत्तर युरोपच्या आणि भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर जे जे सापडलं त्याला आठच पाय होते, तेव्हा भांडायला कारणही नव्हतं.

जेम्स आइट्सचा जन्म १७९८चा, न्यू यॉर्क राज्यातल्या ऑल्बनी गावचा. वडील डॉक्टर. स्वतः आइट्स भूगर्भ पाहणारा, वनस्पती पाहणारा, आणि त्याहून जास्त चित्रकार. जुन्या ऑल्बनीतल्या रस्त्यांची त्याने काढलेली जलरंगातली चित्रं त्या गावाच्या इतिहासकारांना आजही उपयोगी पडतात. १८२६ साली एमस ईटन या शिक्षकाने विद्यार्थ्यांना होडीत बसवून ईरी कालव्यावरून भूगर्भशास्त्राची सहल काढली, तिच्यातही तो होता. विद्यापीठातली जागा, पगारी पद असं त्याच्याजवळ कधी फारसं टिकलं नाही.

१८२९च्या अखेरीस तो सेराफ, ॲनावान आणि पेंग्विन या तीन जहाजांच्या मोहिमेबरोबर दक्षिणेला निघाला. मोहिमेला शास्त्राचा मुलामा होता, पण पोट भरायचं होतं सीलच्या कातड्यांवर. मोहीम उभी करणाऱ्यांपैकी जेरेमाया रेनॉल्ड्स पुढे चिलीच्या किनाऱ्यावर उतरला आणि १८३९ साली त्याने मोका डिक या पांढऱ्या देवमाशाची हकिगत छापली. मेल्व्हिलच्या कादंबरीचं मूळ शोधणारे तिथवर जातात. आपल्याला जायचंय साउथ शेटलंड बेटांवर. ही बेटं दहाच वर्षांपूर्वी नकाशावर आली होती, आणि तेवढ्या अवधीत शिकाऱ्यांनी तिथले मऊ कातड्याचे सील जवळजवळ संपवले होते. धंद्याच्या हिशेबाने मोहीम बुडाली.

आइट्सचा हिशेब वेगळा होता. अंटार्क्टिकाच्या परिसरात काम करणारा तो पहिला अमेरिकी निसर्गअभ्यासक. त्या बर्फाळ बेटांवर त्याला लाकडाचे जीवाश्म मिळाले, म्हणजे एके काळी तिथे झाडं होती. हिमनगांत अडकून समुद्रावरून वाहत जाणारे परके खडक त्याने नोंदले. ट्रायलोबाइटसारख्या दिसणाऱ्या एका समुद्री प्राण्याचं वर्णन त्याने १८३३ साली छापलं. आणि १८३५ साली बॉस्टनच्या निसर्गविज्ञानाच्या नियतकालिकात त्याचा तो लेख आला: न्यू साउथ शेटलंडच्या किनाऱ्यालगत समुद्रात सापडलेल्या, लात्रेयच्या कोळीवर्गातल्या एका नव्या प्राण्याचं वर्णन. सोबत आकृती. प्राण्याचं नाव डिकोलोपोडा ऑस्ट्रॅलिस. ग्रीकमध्ये डेका म्हणजे दहा. पायांचा आकडा त्याने नावातच घातला. आकृतीत चालण्याचे पाय दहा, पाच जोड्या, सरळ आणि स्वच्छ.

पुढची सत्तर वर्षं या आकृतीला कुणी विचारलं नाही.

मी पूर्वी या भागाला पोचलो की रागवायचो. पदवी नाही, संस्था नाही, म्हणून माणसाला बाजूला सारलं, असं मला वाटायचं. त्यात माझाही थोडा हिशेब मिसळलेला होता. एका नियतकालिकाला मी एकदा किनाऱ्यावरच्या नोंदी पाठवल्या होत्या. संस्थेच्या नावाचा रकाना रिकामा आहे एवढाच शेरा घेऊन त्या परत आल्या. पण कोर्लईचा अंडीवाला बाप आठवला की राग निवतो. समुद्रकोळ्यात अंडी वाहणारी जोडी असतेच. अर्धवट पाहणारा ती सहज पायांत धरतो. मी धरली, आणि तीही दोनदा मोजून. त्या शतकात कुणी आकृतीवर शंका घेतली असती तर ती मूर्खपणाची म्हणता आली नसती. एक माणूस, एक लेख, जगाच्या टोकाची जागा आणि पडताळायला दुसरा नमुना नाही.

तरीही एक गोष्ट खटकतेच. दुसरा नमुना शोधायला कुणी गेलं नाही. १८३८ साली अमेरिकी सरकारने विल्क्सच्या नेतृत्वाखाली मोठी जगप्रदक्षिणेची मोहीम धाडली. तिच्या अभ्यासकांच्या यादीत आइट्सची नेमणूक आधी झाली होती. जहाजं निघाली तेव्हा तो त्यांवर नव्हता. दक्षिणेकडचा समुद्र पाहिलेला माणूसच घरी राहिला. पुढे चॅलेंजर जहाजाच्या १८७२ ते १८७६च्या सफरीत जमलेल्या समुद्रकोळ्यांवर डच अभ्यासक हूक याने १८८१ साली अहवाल लिहिला. त्याच वर्षी आन्टोन डोर्नचा नेपल्सच्या आखातातल्या समुद्रकोळ्यांवरचा मोठा ग्रंथ आला. दोन्ही कामं पायाभूत, आणि दोन्हींतला प्रत्येक प्राणी आठ पायांचा. पुरावा जितका वाढत गेला तितका आइट्स एकटा पडत गेला. हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. पुरावा खोटा नव्हता, फक्त चुकीच्या समुद्रांतून गोळा केलेला होता.

मग १९०० नंतर एकाच वेळी अनेक जहाजं दक्षिणेला गेली. स्कॉटच्या डिस्कव्हरी मोहिमेवर थॉमस हॉजसन हा जीवशास्त्रज्ञ होता. बर्फाला भोकं पाडून, दोऱ्या सोडून तो तळाचे प्राणी वर काढत असे. त्यात त्याला दहा पायांचा एक नाजूक समुद्रकोळी मिळाला, आणि १९०४ साली त्याने त्याचं नाव ठेवलं पेंटानिम्फॉन अंटार्क्टिकम. हा आइट्सचा प्राणी नव्हता, वेगळाच होता. पण दहा पाय अशक्य नाहीत हे त्याने सिद्ध केलं. त्याच सुमारास विल्यम ब्रूसची स्कॉटिश मोहीम स्कोशिया जहाज घेऊन साउथ ऑर्कनी बेटांपाशी हिवाळा काढत होती. तिच्या संग्रहात खुद्द डिकोलोपोडा निघाला. तो हॉजसनकडेच तपासायला आला आणि १९०५ साली त्याने लेख लिहिला. एक जुना समुद्रकोळी पुन्हा सापडला, असं त्याने मथळ्यातच म्हटलं. त्याच वर्षी अमेरिकेत लिऑन कोलने दहा पायांच्या समुद्रकोळ्यांवर आणि वर्गीकरणावर निबंध छापला, तर फ्रान्समध्ये बुव्हिएने शार्कोच्या मोहिमेतून आलेली डिकोलोपोडाची आणखी एक जात नोंदली. सत्तर वर्षं गप्प, आणि एका वर्षात तीन देशांतून साक्षी.

आता प्रश्न उलटला. दहा पाय खरे, तर मग आठ पाय कुठून आले? काही अभ्यासकांना दहा हीच मूळ अवस्था वाटली: पूर्वजांना जास्त पाय होते, बहुतेकांची एक जोडी गळाली, अंटार्क्टिकाच्या थंड कोपऱ्यात जुने लोक तेवढे टिकून राहिले. ही कल्पना मोहक आहे. दुर्लक्षित माणसाने पाहिलेला प्राणी थेट आदिपुरुष निघावा, असं कुणाला आवडणार नाही? मलाही आवडलं होतं. माझ्या जुन्या वहीत या पानावर दोन उद्गारचिन्हं आहेत.

पण नमुने वाढले तसा तो मोह टिकेना. पेंटानिम्फॉनची पाचवी जोडी क्षणभर झाकली, तर उरतो तो निम्फॉन, म्हणजे या गटातला अडीचशेहून अधिक जातींचा सर्वांत मोठा वंश. डिकोलोपोडा हा लांब सोंडेच्या, थोराड कोलोसेन्डिसचा भाऊबंद. फरक मुख्यतः मोठेपणीही टिकलेल्या चिमट्यांचा आणि पायांच्या आकड्याचा. १९१० साली बुव्हिएने पेंटापिक्नॉन शार्कोटी हा तिसरा दहापायी नोंदला, तो हुबेहूब ठेंगण्या पिक्नोगोनमसारखा. म्हणजे दहा पायांचं एक घराणं नाहीच. तीन वेगवेगळ्या घरांत, आठ पायांच्या सख्ख्या नातेवाइकांशेजारी, एकेक दहापायी बसलेला आहे. सगळे पूर्वजाचे वारस असते तर त्यांचं आपसातलं साम्य जास्त असायला हवं होतं.

१९२९ ते १९३१च्या दरम्यान डग्लस मॉसनची मोहीम अंटार्क्टिकाला गेली. जहाज तेच जुनं डिस्कव्हरी, ज्यावर हॉजसनने दोऱ्या सोडल्या होत्या. या खेपेला वर आला बारा पायांचा समुद्रकोळी. लंडनच्या संग्रहालयातले विल्यम काल्मन आणि इसाबेला गॉर्डन यांनी १९३३ साली त्याला डोडेकोलोपोडा मॉसनी असं नाव दिलं. हाही कोलोसेन्डिसच्याच घरातला. काल्मन आपल्याला अगदी परका नाही. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधल्या समुद्रकोळ्यांचा अभ्यास १९२३ साली त्यानेच छापला होता, आणि आपल्याकडच्या समुद्रातल्या जातींची नावं लावताना आजही त्या लेखापाशी जावं लागतं. जाता जाता सांगायचं तर १९३३ हेच साल टॉमस हंट मॉर्गनच्या नोबेलचं. फळमाशी आणि गुणसूत्रं यांसाठी जगाला माहीत असलेल्या या माणसाची पीएचडी समुद्रकोळ्यांच्या गर्भवाढीवर होती, आणि ते कोळी-विंचवांच्या जवळचे आहेत असं त्याचं मत पडलं होतं.

पुढे १९६४ साली हेजपेथ आणि फ्राय यांनी निम्फॉनच्या घरातला बारापायीही नोंदला, सेक्सानिम्फॉन मिराबिलिस. भूगोल पाहिला तर हे जादा पायवाले बहुतेक सगळे अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रातले. अपवाद दोन, आणि तेही उष्ण पाण्यातले: फ्रेंच गियानाच्या किनाऱ्यावरचा पेंटापिक्नॉन जेआयी आणि कॅरिबियन परिसरातला पेंटाकोलोसेन्डिस. थंडीमुळे पाय वाढतात, असं सरळ सूत्र मांडायला निघालेल्यांची या दोघांशी गाठ पडते. दक्षिण समुद्रात समुद्रकोळीच मुळात फार. जगातल्या ज्ञात जातींपैकी साधारण पाचवा हिस्सा तिथे आहे. त्यामुळे काही विचित्र घडलं तर ते तिथेच घडण्याची शक्यता जास्त, एवढंच सावधपणे म्हणता येतं.

जीवाश्मांनीही पूर्वजाच्या कल्पनेला साथ दिली नाही. इंग्लंडमधल्या हेरफर्डशरच्या सुमारे साडेबेचाळीस कोटी वर्षं जुन्या खडकातला हॅलिएस्टीस, जर्मनीतल्या हुन्सरूकच्या पाटीच्या दगडातला पॅलिओआयसोपस, दोघांच्याही पायांच्या जोड्या चारच. उलट पॅलिओआयसोपसला मागचं लांब, खंडांचं पोट आहे, जे आजच्या समुद्रकोळ्यांत गाठीएवढं उरलंय. म्हणजे फार पूर्वी गळालं ते पोट, आणि बऱ्याच नंतर, वेगवेगळ्या घरांत, स्वतंत्रपणे वाढली ती पायांची जोडी. कप्प्याचं भांडण मात्र परवापर्यंत चाललं. चिमट्यांना मेंदूच्या अगदी पुढच्या भागातून नसा जातात, तेव्हा हे सगळ्या संधिपादांपेक्षा वेगळेच, असा दावा २००५ साली झाला. वर्षभरात दुसऱ्या गटाने जनुकांच्या आधारे तो खोडला. आज बहुतेकांच्या मते ते कोळी-विंचवांच्या शाखेवरचीच, पण अगदी बुंध्याजवळ फुटलेली फांदी आहेत. आइट्सने १८३५ साली मथळ्यात तेच घराणं लिहिलं होतं.

आणि अंडी सांभाळणारा बाप? कोलोसेन्डिसच्या घरात अंडी वाहणारी जोडी नरमादी दोघांनाही असते, पण तिच्यावर अंडी घेतलेला नर शंभराहून अधिक वर्षांत कुणी पाहिला नव्हता. २०२४ साली एमी मोरन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उत्तर छापलं. अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली बुड्या मारून आणलेल्या थोराड जोड्या त्यांनी टाक्यांत ठेवल्या होत्या. हजारो अंड्यांचा ढग सुटला, आणि जोडीतल्या एकाने, बहुधा बापानेच, दोन दिवस खपून ती तळाच्या दगडाला चिकटवली. काही आठवड्यांत त्यांच्यावर शेवाळ चढलं आणि ती दिसेनाशी झाली. हे वाचून मी त्या निवृत्त प्राध्यापकांना फोन केला. ते म्हणाले, "म्हणजे तुमच्या कोर्लईवाल्यापेक्षा हा हुशार. ओझं वाहायचंच नाही."

आइट्स १८८२ साली बॉल्स्टन स्पा या लहान गावी वारला. डिकोलोपोडा परत सापडायला अजून वीसेक वर्षं होती. न्यू यॉर्क राज्याचे पुराजीवशास्त्रज्ञ जॉन क्लार्क यांनी १९१६ साली त्याच्यावर लेख लिहिला आणि मथळ्यातच त्याचा पुनर्जन्म जाहीर केला.

प्राण्यांच्या नावांच्या नोंदवहीत एक नियम आहे. जात ज्याने प्रथम नोंदली त्याचं नाव आणि साल पुढे लिहितात. पण ती जात पुढे दुसऱ्या वंशात हलवली गेली, तर नाव कंसात जातं. स्ट्रॉम कंसात आहे. १८२४ साली उत्तर ध्रुवाकडचा थोराड समुद्रकोळी नोंदणारा सेबाइनही कंसात आहे. आमच्या वह्यांत कंसातला आकडा म्हणजे तोटा, त्यामुळे माझी नजर तिकडे आधी जाते. सत्तर वर्षं न विचारलेल्या त्या प्राण्याची नोंद आजही अशी आहे: डिकोलोपोडा ऑस्ट्रॅलिस आइट्स, १८३५. कंस नाही.